पेरूच्या झाडावरचा उपरा

एका शहराच्या कडेला असलेल्या वसाहतीत एक तांबडा कोंबडा राहत असे. तो काही तिथे जन्मलेला नव्हता. चिकनच्या दुकानाकडे निघालेल्या गाडीत त्याच्या पिंजऱ्याची कडी वळणावर निसटली, त्याने जिवाच्या आकांताने उडी टाकली आणि समोरच्या उघड्या फाटकातून तो आत पळाला. दुकान त्या फाटकाच्या अगदी समोरच होते. म्हणून कोंबडा चुकूनही बाहेर पाऊल टाकत नसे. दिवसभर गटाराकाठचे किडे वेचावेत, खांबेटे आजी चिमण्यांना टाकत त्यातले चार दाणे टिपावेत, रात्री पेरूच्या झाडावर बसावे आणि उजाडताना एकदा घसा मोकळा करून आरवावे, एवढाच त्याचा दिनक्रम. त्या आरवण्याने पहारेकरी तुळशीराम जागा होई आणि दूधवाल्यासाठी फाटक उघडी.

पण मुलांनो, एवढेही वसाहतीतल्या जुन्या मंडळींना सहन झाले नाही! पाण्याच्या टाकीखाली सभा भरली. कुत्रा म्हणाला, "रोज आमच्या झोपेचं खोबरं करतो. हा उपरा कोण लागून गेला?" मांजर म्हणाले, "आवाज तरी किती कर्कश!" कावळा म्हणाला, "आणि आमचे दाणे खातो, ते वेगळंच."

एक खार धीर करून म्हणाली, "अहो, पण तुम्ही रात्रभर भुंकता त्याचं काय?"

"ते भुंकणं नव्हे, ती राखण!" कुत्रा गुरगुरला.

"आणि छपरावर माझा गाण्याचा रियाज चालतो," मांजर म्हणाले.

"मी तर पाहुणे येण्याची वर्दी देतो," कावळा म्हणाला.

खार कुत्र्याकडे वळून म्हणाली, "बरं, पण तुम्हीसुद्धा याच फाटकातून आलात ना? पावसात भिजलेलं एवढंसं पिल्लू होतात तुम्ही. तेव्हा कोणी विचारलं का, तुम्ही कोण लागून गेलात म्हणून?"

खारीचे म्हणणे कुणी पुरते ऐकूनही घेतले नाही. कोंबड्याला फाटकाबाहेर हाकलायचे ठरले. "पुढचं तो दुकानदार बघून घेईल," कुत्रा म्हणाला आणि तिघेही हसले. हसले! समोरच्या दुकानात काय होते, हे तिघांनाही पक्के ठाऊक होते. हे सांगतानाही माझ्या मस्तकात तिडीक जाते.

आता त्या वसाहतीची एक रीत ऐका. तिथे दुपारची झोप देवपूजेइतकी सोवळी मानत. जेवणे उरकली की दारे बंद होत. भंगारवालासुद्धा त्या वेळी तोंड मिटून गाडी ढकलत जाई. कुत्र्याने नेमकी तीच वेळ निवडली. सगळे झोपलेले असतील, कोंबड्याला सोडवायला कुणी येणार नाही, असा त्याचा हिशेब. तो भुंकत कोंबड्यावर धावला, मांजर फिस्कारत आडवे आले आणि कावळ्याने साऱ्या भाऊबंदांना बोलावून आभाळ डोक्यावर घेतले. कोंबडा घाबरून पेरूच्या शेंड्यावर जाऊन बसला.

धाडधाड खिडक्या उघडल्या. खांबेटे आजोबा बनियनवरच गच्चीत आले. "तुळशीराम! अरे, हा काय बाजार मांडलाय भरदुपारी?"

"सायेब, कुत्रं आन् मांजर कोंबड्याच्या मागं लागल्यात. कावळं बी हायती संगं."

"आणि कोंबडा?"

"त्यो बसलाय की गुमान झाडावर."

"मग दंगा करणाऱ्यांना हाकल बाहेर!"

तुळशीरामने काठी उचलली. कावळ्यांवर बादलीभर पाणी पडले, मांजराने भिंतीवरून धूम ठोकली आणि कुत्रा फाटकाबाहेर गेला. फाटक बंद झाले.

"अहो, मी इथला जुना रहिवासी!" कुत्रा ओरडत राहिला. तोवर रस्त्यावरची कुत्री गोळा झाली. "आमच्या हद्दीत भुंकणारा तू कोण लागून गेलास?" असे म्हणून त्यांनी त्याचा कान फाडला. रात्रभर तो दुकानाच्या पायरीखाली अंग चोरून पडून राहिला. वर पिंजऱ्यात कोंबड्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. त्या त्याच्याकडे टक लावून बघत होत्या, आणि त्याला त्यांच्याकडे बघवत नव्हते.

उजाडताना पेरूच्या झाडावरून आरवणे ऐकू आले. तुळशीराम डोळे चोळत उठला, त्याने फाटक उघडले आणि दूधवाल्याच्या सायकलीआडून कुत्रा शेपूट घालून आत शिरला. झाडाखाली दाणे टिपणारा कोंबडा त्याला पाहताच दचकून फांदीवर उडाला.

"खाली ये," कुत्रा मान खाली घालून म्हणाला. "उद्याही आरव."

त्याने माफी मात्र मागितली नाही. मागायला हवी होती. कोंबडा बराच वेळ फांदीवरच बसून राहिला, आणि कुत्रा उरलेल्या दाण्यांपासून कावळ्यांना हुसकावत झाडाखाली थांबला. या वेळी तो भुंकला नाही.

तात्पर्य : स्वतःच्या गोंगाटाला जो राखण म्हणतो, त्याला दुसऱ्याची एक हाकही उपद्रव वाटते, पण ज्या फाटकातून आपल्याला आसरा मिळाला, ते दुसऱ्याच्या तोंडावर लावण्याचा हक्क कुणालाच नाही.