टिटवीनं जमवलेली गर्दी

जनावरं एकमेकांशी बोलायची, त्या काळातली गोष्ट. माळावर एक टिटवी ऱ्हायाची. रोज पहाटं माळ फिरून यायची आन फासा कुठं लावलाय, पानी कुठं उरलंय, ते वरडून सांगायची. ऐकाया एक ससा आन दोन तितर, बास. पन त्या तिघांचा जीव तेवढ्यावर वाचायचा.

टिटवीला ते पुरंना. कुंपनावर एक सरडा व्हता. त्याचं सोताचं कुनी कधी ऐकलं न्हाई, पन मान हलवत तिला शिकवाया लागला, "टिटवे, फाशाबिशाचं सोड. एका जागी बस आन कोल्हीन कुनासंगं पळाली ते सांग. सगळा माळ लोटंल."

झालं! टिटवी आपल्या अंड्यांपाशीच बसून कुचाळक्या सांगाया लागली. शेळ्या आल्या, मेंढ्या आल्या, रेडंबी आलं. टिटवी फुगली.

सशानं इचारलं, "बाई, आज फासा कुठं हाय?"

"चल हट! तिघांसाठी घसा कोन फोडंल?"

आता टिटवीची अंडी काय झाडावर असत्यात व्हय? उघड्या मातीत पडल्याली, खड्यांसारखी दिसनारी. मागच्यांनी रेटलं, पुढचे सरकले.

"अंडी! पाय बघा रं, माझी अंडी!" टिटवी जीव तोडून वरडली.

"आरं वा! आज तर लई रंगलंय!" म्हनत गर्दी आनखी पुढं घुसली, आन अंडी पायाखाली गेली.

सरडा कुंपनावरनं मान हलवत व्हता. तिचं खरं मानून पाय आवरला, तो एकट्या सशानं.