पानाची टोपी

फार जुनी गोष्ट. एका जंगलात दर फाल्गुनात उत्तम भेटवस्तूची स्पर्धा भरत असे. परीक्षक एकच, घुबडआबा. स्पर्धा भर दुपारी व्हायची आणि उन्हात आबांचे डोळे दिपायचे, पण हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. परीक्षकाने वस्तू नुसती बघायची, हाताळायची नाही, हा नियम त्यांच्या पथ्यावरच पडायचा. जे चमकेल त्याला ते पहिला नंबर देऊन मोकळे होत.

त्या वर्षी खंड्याने शिंपल्यांची परडी आणली. शेजारी शिंपीण पक्षिणीने पानं शिवून केलेलं काहीतरी हिरवं ठेवलं.

"यात ठेवायचं काय?" आबांनी विचारलं.

"ठेवायचं काही नाही, आबा. एकदा घालून बघता का?"

"नियमात बसत नाही," आबा म्हणाले आणि परडीला बक्षीस जाहीर केलं.

सगळे पांगले. शिंपीण आपली वस्तू तिथेच ठेवून गेली. आबांनी ती सहज डोक्यावर चढवली. ती टोपी होती, कपाळावर रुंद पान आलेली. डोळ्यांवर सावली पडली आणि आबांना पहिल्यांदाच दुपार नीट दिसली. समोर मांडून ठेवलेल्या बक्षिसाच्या परडीचे दोन शिंपले केव्हाच निखळले होते. डोळ्यांपुढे आलेल्या पानाच्या कडेला, टोपीच्या शेवटच्या टाक्यावर रक्ताचा वाळलेला ठिपका होता.

पुढच्या फाल्गुनात आबा टोपी घालूनच बसले. पहिलं नाव त्यांनी शिंपिणीचं पुकारलं.

"ती आता येत नाही, आबा," खंड्या म्हणाला.

समोरची रिकामी जागा आबांना अगदी स्पष्ट दिसत होती.