चौथी शांती

देवळातल्या पोपटाला पोथी ऐकून ऐकून पंडित झाल्यासारखं वाटायचं, त्या काळची ही गोष्ट. पोथी मिटताना पुजारी तीनदा ‘शांती’ म्हणत. पोपट तेवढंच उचलून दिवसभर किंचाळायचा. कबुतरं कळस सोडून गेली, तरी त्याच्या जिवाला चैन नव्हतं.

“कासवआजोबा, एवढा जप करूनही पिसं गळतायत,” तो तळ्यावर येऊन म्हणाला.

कासवाचंही डोकं उठलं होतं. “बाबा, पोथीचा गूढार्थ वेगळाच. खरी शांती चौथी. ती लिहिलेली नाही, तिसरीनंतर नुसती ऐकायची.”

पोपटाने तीनदा ‘शांती’ म्हटलं आणि कान टवकारले. पिंपळ सळसळला. कबुतरं परतली. दिवस मावळला.

“ऐकू आली का रे?” कासवाने विचारलं.

“आजोबा,” पोपट कुजबुजला, “जरा गप्प बसता का?”