उंटाचा कोपरा

फार पूर्वी एका पटावर पांढरा राजा, त्याचा घोडा आणि पांढऱ्या घरांतून चालणारा उंट एवढेच उरले. समोर एकटा काळा राजा काळ्या कोपऱ्यात दडून बसला होता. पन्नास चालींत मात झाली नाही, तर डाव बरोबरीत सुटणार होता.

"या उंटाला काळ्या घरात पाय ठेवता येत नाही. याच्यामुळेच अडलंय सगळं!" घोडा फुरफुरला.

उंट हळूच म्हणाला, "मग काळ्या राजाला पांढऱ्या कोपऱ्यात नेऊ. काळी घरं तू अडव, पांढरी मी अडवतो. महाराज, तुम्हालाही चालावं लागेल."

तिघे चालले. एकोणपन्नासाव्या चालीला उंटाने मात दिली.

"हुश्श!" घोडा मटकन बसला.

काळा राजा पुटपुटला, "उंट काय करणार, म्हणून मी निर्धास्त होतो."

घोडा ओशाळून म्हणाला, "मीही तेच म्हणत होतो."