आवडीच्या मुठीचं मुठेल

एक गाव होतं डोंगराच्या कुशीत. डोंगर इतका उंच, की सूर्य गावात यायचा तोच मुळी चुलीवर भात शिजल्यावर. अशा थंडगार गावात आवडी नावाची एक चिमुकली मुलगी आपल्या आईबरोबर राहायची. घर एवढंसं, चूल एवढीशी, नि चुलीवरचं मडकं त्याहून पिटुकलं.

आवडीची आई यसूबाय तान्ह्या बाळांना न्हाऊमाखू घालायची. गावातली सगळी पोरं तिच्याच पायांवर पालथी पडून मोठी झालेली. पण त्या वर्षी थंडी अशी पडली, अशी पडली, की यसूबायचे हात उलले. बोटाबोटाला चिरा, तळव्यांना भेगा. एके दिवशी तिच्या बोटाने एका बाळाच्या गालावर बारीकसा लाल ओरखडा उठला. बाळाची आजी भागामावशी म्हणाली, "यसू, राहू दे गो आता. हा काय हात झाला? फणसाची साल झाली नुसती!"

फणसाची साल! शब्द गावभर झाला आणि बोलावणी बंद झाली. बोलावणं नाही, तर पसाभर तांदूळही नाही. त्याहून वाईट म्हणजे, यसूबाय आता पदराखाली हात लपवून बसायची.

"आये, हात लपवू नको," आवडी म्हणाली. "मी करते काहीतरी."

उन्हाळ्यात लोक रातांबे फोडायचे, आमसुलांसाठी सालं ठेवायचे आणि बिया फेकून द्यायचे. त्या बिया आवडीने वेचून, धुऊन, वाळवून ठेवल्या होत्या. आता आईच्या भेगांवर लावायला मुठेल करायचं म्हणून तिने त्या फोडल्या, आतला गर उखळात कुटला, पाण्यात रटरट उकळला. मग थांबली. मुठेलाला घाई चालत नाही, बरं का! पाणी निवलं, तेव्हा त्यावर लोण्यासारखी साय धरली. ती तिने मुठीत घेऊन घट्ट दाबली. झाला एक इवलासा गोळा, वर चार बोटांच्या चार खाचा. मुठीत वळतात, म्हणून तर त्याला मुठेल म्हणायचं!

बिया संपल्या होत्या. गोळा एकच. आई रानात काटक्यांना गेली होती, म्हणून गोळा मुठीत धरून आवडी तिकडेच पळत सुटली.

वाटेत रातांब्याचं झाड लागलं. पानांत काहीतरी लुकलुकलं. पाहते तर काय, बोटभर उंचीची परी! झगा पिकल्या रातांब्यासारखा लालजांभळा, केसांत दवाचे मणी, आणि डोळ्यांत टपोरं पाणी.

"का गो रडतेस?" आवडीने विचारलं.

"या कोरड्या वाऱ्याने माझे पंख उलले. उडताच येत नाही."

आवडीने पंख पाहिले. कडेकडेने चिराच चिरा, अगदी आईच्या हातांसारख्या. तिने मुठीकडे पाहिलं. हे तर आईचं! पण समोर दुखत होतं, तेही खरंच होतं.

"थोडंसं देते हां," ती म्हणाली. तिने मुठेल तळव्यावर चोळून कोमट केलं आणि हलक्या हाताने पंखांना लावू लागली. पण पंख उलगडले, उलगडले, ते केवढेतरी मोठे निघाले! शेवटच्या टोकापर्यंत लावता लावता गोळा संपला.

पंख मात्र असे झळाळले, की सारं झाड गुलाबी दिसू लागलं!

"माग," परी म्हणाली. "एक मागणं, एक नियम. जे तुझ्या मुठीत मावेल, तेच माग."

"आईचे हात मऊ कर."

"मावतात का गो आईचे हात तुझ्या मुठीत?"

आवडीने मूठ मिटून पाहिली. नाही मावत.

"मग मोती देऊ? टपोरा?"

"मोत्याने चिरा बुजतात होय?" आवडी हसली. मग मान ताठ करून म्हणाली, "मूठभर रातांब्याच्या बिया दे. बाकीचं मला येतं."

बाकीचं मला येतं! परीला तिचं फार कौतुक वाटलं. तिने बिया दिल्या. "साय काढशील तेवढी पुन्हा धरेल," ती म्हणाली. "पण मागायला आलेल्या एकालाही नाही म्हणालीस, तर पाणी पाणीच राहील." आणि गंमत बघायला ती आवडीच्या वेणीत लपून घरी आली.

आवडीने पुन्हा कुटलं, उकळलं, वाट पाहिली. गोळ्यामागून गोळा वळला. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ आईच्या हातांना चोळलं. सहाव्या दिवशी यसूबायचे हात सायीसारखे झाले.

त्याच सकाळी, मुठेलाची बातमी ऐकून, दारात भागामावशी उभी. कडेवर बाळ, थंडीने त्याचे गाल तडतडलेले. "यसू," ती खाली बघत म्हणाली, "थोडं मुठेल देतेस?"

आवडीच्या ओठांवर आलं होतं, 'फणसाच्या घरात कशाला आलात?' पण बाळाने हुंदका दिला. आवडीने सगळ्यात मोठा गोळा निवडून मावशीच्या हातावर ठेवला.

मावशीने तो फिरवून पाहिला. "एवढुशा खाचा! ही कोणाची मूठ गो?"

यसूबायने पदराखालून दोन्ही हात बाहेर काढले आणि आवडीला पुढे केलं. "माझ्या लेकीची," ती म्हणाली. आवाज असा, की ओटीवरची कोंबडीसुद्धा थांबून ऐकू लागली.

भागामावशीने बाळ यसूबायच्या पायांवर ठेवलं. ते मऊ हात गालांवरून फिरले आणि बाळ खुदकन हसलं.

तेवढ्यात डोंगरावरून सूर्य आला. वेणीतून काहीतरी भुर्रकन उडालं, अंगणभर लालजांभळा उजेड पसरला, आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

तेव्हापासून त्या गावात मुठेल घेताना लोक आधी खाचा बघतात, खरंच कुणाच्या मुठीत वळलंय ना म्हणून. मूठभर बियांची ही मूठभर गोष्ट. मूठ उघडली, तुमच्या हातावर ठेवली.