गुणाजीनं वाटलेली तबकडी

पिंपळखोरे गावात गुणाजी नावाचा एक भोळा माणूस राहत असे. वय पस्तीस, मिशा भरघोस, अंगात बैलाची ताकद. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. खरी पंचाईत तीच होती.

तो दामूतात्यांच्या घरी कामाला होता. तात्या म्हणजे रिटायर पोस्टमास्तर आणि गाण्याचे वेडे. दर रविवारी त्यांच्या ओसरीवर आठ-दहा मंडळी जमायची. ग्रामोफोन लागायचा. "हे ऐकलंत का?" "त्यापेक्षा ते ऐका!" असं चालायचं. नुसतं गाणं चांगलं असून तात्यांचं भागत नसे. ते तबकडीत भरलंही चांगलं पाहिजे. गवई शेजारी बसून श्वास घेतोय असं वाटलं पाहिजे.

एकदा तात्या म्हणाले, "गुणा, तालुक्याच्या जुन्या बाजारात जा. एक चांगली तबकडी घेऊन ये."

"चांगली कशी ओळखू?"

"काळी, गोल, आणि तिच्यावर एकही ओरखडा नको."

गुणाजी गेला. दुकानात शंभर तबकड्या होत्या. त्यानं एकेक उन्हात धरून पाहिली. सगळ्यांवर ओरखडेच ओरखडे! कडेपासून पार मध्यापर्यंत, गोल गोल, बारीक बारीक. "एवढा खराब माल विकता?" असं दुकानदाराला सुनावून तो बाहेर पडला. शेजारच्या दुकानात त्याला हवी तशी मिळाली.

तात्यांनी कागद सोडला. आत तवा होता.

"अरे, घेण्याआधी वाजवून तरी बघायचं!"

"बरं. पुढच्या वेळी वाजवून बघतो."

तात्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, त्या तव्यावर भाकरी टाकली. चांगली फुगली.

पुढच्या आठवड्यात गुणाजी परत त्याच दुकानात गेला. तात्यांनी आता तबकडी कशी दिसते ते दाखवून पाठवलं होतं. गुणाजीनं एक तबकडी उचलली आणि माठ वाजवतात तशी बोटं वाकवून ठक ठक वाजवली. फुटली. दुसरी वाजवली. तीही फुटली. सात फुटल्या. आठवी टिकली. ती घेऊन तो घरी आला.

रविवारी मंडळी जमली. तात्यांनी सुई टेकवली. आतून आवाज आला, "सावधान! एक, दोन, तीन, चार! हात वर!" शाळेच्या कवायतीची तबकडी होती. ओसरीवरचे दोघे जण सवयीनं उठून उभे राहिले.

तात्यांनी कपाळाला हात लावला. "गुणा, तबकडी ही नाजूक वस्तू. तिला ठोकायचं नाही. दोन्ही हातांनी कडेला धरायचं. हळूच फुंकर मारायची. मग मऊ फडक्यानं गोल गोल पुसायचं."

"कडेला धरायचं, फुंकर मारायची, गोल गोल पुसायचं," गुणाजीनं पाठ केलं.

त्यानंतर महिनाभरानं श्रीपतबुवा यायचे ठरले. बुवा मोठे गवई, वय ऐंशी. त्यांच्या गुरुजींची आयुष्यात एकच तबकडी निघाली होती. बुवांनी ती कितीदा ऐकली होती, पण दर वेळी झिजलेली. कढईत शेंगदाणे भाजावेत तसली खरखर, आणि तिच्यामागं कुठंतरी गुरुजी. तात्यांनी सहा वर्षं पत्रं लिहून लिहून तिची एक कोरी करकरीत प्रत मिळवली होती आणि बुवांना तसं पत्र टाकलं होतं. बुवांनी उलट टपाली कळवलं, "गुरुजींचा आवाज एकदा स्वच्छ ऐकायचा आहे. येतो."

"गुणा, स्टँडवर जा," तात्या म्हणाले. "म्हातारा माणूस आहे. अगदी तबकडीसारखं जपून आण."

एसटी आली. बुवा उतरले. गुणाजी पुढं झाला आणि त्यानं बुवांना दोन्ही हातांनी कडेला धरलं. म्हणजे कानांना. मग टकलावर हळूच फुंकर मारली. मग खिशातलं मऊ फडकं काढून टक्कल गोल गोल पुसलं. सगळा स्टँड बघत होता.

बुवा घरी पोचले तेव्हा त्यांचे कान लाल होते आणि टक्कल चकाकत होतं. तात्यांनी पाय धरले. पण बुवा मोठ्या मनाचे. म्हणाले, "जाऊ द्या हो. इतकं स्वच्छ मला माझ्या आईनंही कधी पुसलं नव्हतं."

तिकडं स्वयंपाकघरात काकूंची घाई चालली होती. वीस पानं उठायची होती. त्यांनी गुणाजीला हाक मारली. "गुणा, शेरभर कारळं भाजून ठेवलंय. चटणीसाठी तेवढं वाट."

गुणाजीनं कारळं उचललं आणि अख्ख्या आळीत वाटलं. घरटी एक मूठ. रिकामं भांडं आणून ठेवलं.

"अरे देवा! वाटायचं म्हणजे पाट्यावर घेऊन वरवंट्यानं बारीक करायचं! मग मीठ, तिखट, लसूण घालायचा! आता पानात चटणी काय वाढू?"

"चुकलं काकू. आता कुणी वाट म्हणालं की पाट्यावरच."

तो ओसरीवर आला. बुवा तात्यांना सांगत होते, "एवढी चांगली तबकडी मिळालीय, ती एकट्यानं कपाटात ठेवू नका. असली चीज सगळ्यांत वाटायची असते."

गुणाजीनं कान टवकारले. या वेळी त्याला चुकायचं नव्हतं. "तात्या, म्हणजे ती तबकडी वाटायची?"

तात्या पाट मांडण्यात गुंतले होते. "हो रे बाबा, वाटायची! सगळ्या मंडळींना!"

पंगत बसली. बुवांनी भाकरीचा तुकडा मोडला, काळी चटणी लावली आणि खाल्ली. "कारळ्याची दिसते. जरा कचकचते, पण चव निराळीच आहे." तात्यांनी दोनदा मागून घेतली. गुणाजीनं कारळं परत गोळा करून आणलं, असं समजून काकूही खूश होत्या.

हात धुऊन सगळे ग्रामोफोनभोवती बसले. बुवांनी डोळे मिटले.

"गुणा, आण ती तबकडी," तात्या म्हणाले.

"वाटली की."

"वाटली? कुणाला दिलीस?"

"सगळ्यांना. तुम्ही तर दोनदा घेतलीत. पाट्यावर वाटता वाटेना तात्या. आधी मुसळानं कुटली, तेव्हा कुठं वाटली गेली. लसूण जरा जास्तच घातलाय."

तात्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. बुवांनी डोळे उघडले आणि आपलं धुऊनही काळं राहिलेलं बोट पाहिलं. मग त्यांनी ते हळूच कानाजवळ नेलं.

गुणाजीला त्यांची दया आली. तो धावत आत गेला आणि वाटी घेऊन आला.

"बुवा, असं तोंड पाडू नका. ही एकच बाजू संपलीय. दुसरी आहे अजून. वाढू?"