आवडाबाईचे लांब हात

एकदा काय झालं, एका राजाच्या गावात आवडाबाई नावाची पटवेकरीण राहायची. पटवेकरीण म्हणजे रेशमात मणी ओवून दागिने गाठवणारी, बरं का. गावातल्या प्रत्येक नवरीचं मंगळसूत्र तिनंच गाठवलेलं. आणि आता तर तिच्या नातीचं, ठकूचं, लग्न ठरलं होतं.

पण आवडाबाईला मण्याचं भोक दिसेना. लांबचा डोंगर दिसे, डोंगरावरची शेळी दिसे, हातातला मणी तेवढा दिसत नव्हता. वय झालं की होतं तसं. पण कबूल करेल तर ती आवडाबाई कसली! म्हणे, हल्लीचे मणीच वाईट. मग म्हणे, दिव्यातलं तेलच भेसळीचं. नाचता येईना, अंगण वाकडं.

मणी डोळ्यांपासून लांब धरला की जरासा दिसे. मग ती गेली विहिरीवर. तिथं आसरा राहायची, पाण्यातली देवी. तिला म्हणाली, माझे हात वीतभर लांब कर. आसरेनं केले. पण भोक काही नीट दिसेना. मग पुन्हा गेली, हातभर वाढवून घेतले. मग तिसऱ्यांदा गेली, आणि हात पोचले थेट दारापर्यंत.

आता मणी दिसला. पण इतक्या लांबून गाठ बसेना. जेवायला बसली, तर घास डोक्यावरून मागं जाई. ठकू पाया पडायला आली, तिला पोटाशी धरायला गेली, तर हात पार अंगणात. मग मात्र आवडाबाईला रडू फुटलं. रडतच विहिरीवर गेली.

आसरा म्हणाली, "अगं, सारखे हातच मागत बसलीस. डोळ्यांचं का नाही बोललीस?"

"मग मला दिसत नाही असं म्हणावं लागलं असतं."

"म्हणालीस की आता," आसरा म्हणाली. आणि हात झाले पहिल्यासारखे.

डोळे बदलणं काही आसरेच्या हातात नव्हतं. आणि तेव्हा चष्मे नव्हते, बरं का. मग आवडाबाई घरी आली आणि नातीपुढं मणी ठेवले.

"ठकू, मला दिसत नाही गं. तू ओव."

"मला ठाऊक होतं, आजी," ठकू म्हणाली. "तू कधी सांगतेस, याचीच वाट बघत होते."

मग ठकूनं मणी ओवले आणि आवडाबाईनं गाठी मारल्या. गाठीला डोळे लागत नाहीत, बोटांना येतं ते. लग्न झालं, ठकू सुखानं नांदली. आवडाबाई पुढं शेजारच्या पोरींना हाक मारून सुई ओवून घ्यायची, अगदी हक्कानं.

झालं. आता पांघरूण घ्या आणि निजा गुमान.